खुर्चीवरचा कारभार

स्पेनमधल्या छोट्या गावात संध्याकाळी पाऊल टाकलंत, तर पोलीस तुम्हाला अडवणार नाहीत. पोलीस बहुतेक शेजारच्या गावात असतात. तुमची झडती घेणार ती दारासमोर खुर्ची टाकून बसलेली एक आजी. खुर्ची लाकडी आणि बुटकी, बैठक पाणकणसाच्या सुकवलेल्या पात्यांनी विणलेली. अंगात बारीक ठिपक्यांचा घरगुती झगा, पायांत कापडी सपाता, मांडीवर विणकाम. हे विणकाम गेल्या कित्येक वर्षांत बोटभरही वाढलेलं नाही, कारण ते वाढावं असा कुणाचा इरादाच नाही. नुसतं बसून लोकांकडे बघणं बरं दिसत नाही, म्हणून मांडीवर लोकर.

उन्हाळ्यात ऊन कललं की दारं उघडतात, खुर्च्या बाहेर येतात आणि गावंच्या गावं गार वारा घ्यायला बसतात. वारा असतोच असं नाही. दक्षिणेकडच्या कादिस प्रांतात आल्गार नावाचं गाव आहे. तिथल्या महापौरांनी २०२१ साली असा घाट घातला, की दारापुढच्या या गप्पांना युनेस्कोच्या वारसायादीत जागा मिळावी. आमच्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती साशंक झाली. "म्हणजे आता ते लोक येऊन ऐकत बसणार?"

आमची आजी ला आल्बेर्काची. ती एकच बाई आहे असं मात्र समजू नका. त्या गावात दर दोन बोळांमागे एक या हिशेबाने जेवढ्या खुर्च्या दिसल्या, त्या सगळ्यांची मिळून ही एक केली आहे. एकीची जीभ घेतली, दुसरीचे गुडघे, तिसरीची मांजरं. गाव सालामांका प्रांतात, सिएर्रा दे फ्रान्सिया नावाच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या जरा वर. वस्ती हजाराच्या आसपास. १९४० साली सरकारने हे अख्खं गाव ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर केलं. हा मान मिळालेलं स्पेनमधलं हे पहिलं गाव. आजी स्वतःला त्या स्मारकाचाच भाग समजते आणि तसंच वागते. जागची हलत नाही, डागडुजी करू देत नाही. फोटो काढायला हरकत नसते, फक्त आधी केस सारखे करते.

तिथली घरं पाहिली की तिच्या स्वभावाचा उलगडा होतो. तळमजला दगडी. वरचे मजले लाकडी चौकटींत दगडमाती भरून उभारलेले, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. त्यामुळे खाली बोळ असला तरी वर समोरासमोरच्या बाल्कन्या एकमेकींच्या कानाशी लागलेल्या. एका घरात कुणी शिंकलं तर आरोग्याच्या शुभेच्छा समोरच्या घरातून येतात. पूर्वी तळमजल्यात जनावरं, त्यांच्या वर माणसं आणि सगळ्यात वर स्वयंपाकघर. चुलीचा धूर माळ्यावर चढायचा आणि तिथल्या चेस्टनटना, टांगलेल्या चोरिसो सॉसेजच्या माळांना लागायचा. म्हणजे माणसं मध्ये. खालून गाढव आणि डुक्कर ऊब देणार, वरून चूल. अशा घरात वाढलेल्या माणसाला जनावर पाळीव वगैरे वाटतच नाही. ते खालच्या मजल्यावरचं बिऱ्हाड. भाडं उबेच्या रूपाने भरणार, आणि डुकराच्या बाबतीत उरलेली बाकी नोव्हेंबरात एकरकमी वसूल होणार.

आता तळमजल्यांत दुकानं आली. आजीच्या घराखाली मात्र एक कोनाडा अजून गवताच्या वासाचा आहे. तिथे कोंबड्या असतात, आणि कोंबड्या नसतील तेव्हा कोंबड्यांबद्दलच्या आठवणी असतात.

"तू कुणाची?" हा तिचा पहिला प्रश्न. स्पेनच्या खेड्यात त्याला आडनाव सांगून चालत नाही, कारण आडनावं निम्म्या गावाची तीच तीच. सांगायचं असतं घराण्याचं टोपणनाव. ते खापरपणजोबांनी कधीतरी केलेल्या गाढवपणावरून पडलेलं असतं आणि पणतू हृदयाचा डॉक्टर होऊन आला तरी सुटत नाही. मी "मुंबईची" असं उत्तर दिलं. तिने ते चुकीचं म्हणून बाजूला सारलं. एवढ्या मोठ्या गावाची कुणी असू शकत नाही. दोन दिवसांनी तिने स्वतःच माझा निकाल लावला. ज्या घरात मी भाड्याने राहत होते त्या घराण्याचं टोपणनाव मला चिकटलं आणि मी रीतसर कुणाची तरी झाले. त्या घराण्याचं आणि तिचं विहिरीवरून जुनं वाकडं होतं, हे मला बरंच पुढे कळलं. पण तोवर मी तिची बिस्किटं खाऊन चुकले होते.

अनोळखी कुत्र्यालाही हाच प्रश्न. कुत्रा उत्तर देत नाही, म्हणून ती त्याच्या मागच्या वळणाकडे बघत राहते. कधी ना कधी तिथून मालक उगवतो. मग दोघांची एकत्र चौकशी. तिच्या वहीत माणसं आणि जनावरं अशी दोन खाती नाहीत. समोरून जाणाऱ्या कुणालाही तीन गोष्टींचा हिशेब द्यावा लागतो: जेवण झालं का, निघालात कुठे, आणि काल इतका उशीर का झाला. हा तिसरा प्रश्न मी तिला पाववाल्याला, मांजराला आणि पाद्रीबाबांना, तिघांनाही विचारताना ऐकलं आहे. मांजराने तेवढं न थांबता पुढे जायचं धाडस केलं.

जनावरांबद्दल तिचं मत एकंदरीत बरं आहे. औषधवाल्याचा कुत्रा सकाळी अकराला बारच्या दारात जाऊन बसतो; मालक साडेअकराला येतो. यावर तिचं म्हणणं असं, की कुत्र्याला व्यसन नाही, त्याला फक्त मालकाची लाज वाटते, म्हणून तो आधी जाऊन कोपऱ्यातली जागा धरतो. छपराखाली पाकोळ्यांची घरटी आहेत. त्या खाली जे टाकतात ते थेट तिच्या उंबऱ्यावर पडतं. घरटी मोडायला कायद्याने बंदी आहे, हे तिला ठाऊक आहे; पण कायदा नसता तरी तिने ती मोडली नसती. रोज सकाळी उंबरा धुताना ती पाकोळ्यांना जे सुनावते, ते मात्र कुठल्याच कायद्यात बसणार नाही. त्या आफ्रिकेतून एवढ्या लांब येतात आणि उन्हाळा सरता सरता निघूनही जातात. तिच्या मुलाचंही वेळापत्रक साधारण असंच आहे. तो फक्त आफ्रिकेतून येत नाही, बिल्बाओहून येतो.

दूरदर्शन ती बघते ते वाद घालायला. दर शरद ऋतूत एका रविवारी माद्रिदच्या मधोमध मेंढ्यांचा कळप चालवत नेतात. १९९४ पासूनचा हा सोहळा. मेंढपाळांचा जुना हक्क म्हणून महापौरांपुढे हजार मेंढ्यांमागे पन्नास मारावेदी, म्हणजे जुनी नाणी, अशी पट्टी भरतात. करार १४१८ सालचा आहे, दर तेव्हापासून वाढलेला नाही. टाळ्या वाजवणारी गर्दी, मेंढ्यांचे फोटो, बातमीदाराचा भारावलेला आवाज. आजी पडद्याच्या जवळ खुर्ची ओढते. "उजवीकडून तिसरी लंगडतेय. एवढ्या माणसांत एकालाही दिसत नाही?" मग जरा वेळाने, "आणि पन्नास मारावेदींत हल्ली येतं काय?"

२०२३ च्या सप्टेंबराअखेर देशात प्राणीकल्याणाचा नवा कायदा लागू झाला. बेवारस मांजरांच्या टोळ्यांची जबाबदारी नगरपालिकेवर आली: त्यांची मोजदाद, नसबंदी, देखभाल. आजी मासळीचे काटे आणि शिळा भात दारामागे ठेवते, त्यावर चार-पाच मांजरं जगतात. आता ती सरकारी मांजरं झाली याचा तिला कोण अभिमान. पेन्शन वेळेवर मिळाली नाही, तर ती मांजरांकडे बोट दाखवून म्हणते, "तुमची माणसं मी पोसतेय." याच कायद्यात कुत्र्याला सलग चोवीस तासांहून जास्त एकटं ठेवायला मनाई आहे. मी हे तिला वाचून दाखवलं. तिने विणकाम मांडीवर ठेवलं.

"माझा मुलगा मला ईस्टरपासून ऑगस्टपर्यंत एकटी ठेवतो. त्याला दंड किती?"

मी कागद खालीवर केला. तसं कलम नव्हतं.

"बघ," ती म्हणाली, "मसुदा घाईत केलाय."

आता डुकराकडे येऊ, कारण वर्षातले सात महिने गावात खरा कारभार त्याचाच असतो.

१३ जूनला, पादुआच्या संत अँथनीच्या दिवशी, गळ्यात घंटा बांधून आणि पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेऊन एक डुक्कर गावात सोडतात. त्या घटकेपासून ते कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं. त्याने वाटेल तिथे हिंडावं. दारात आलं की घरच्यांनी खायला घालावं, आणि जिथे रात्र पडेल तिथल्या शेजाऱ्याने आसरा द्यावा, असा रिवाज. हा पाहुणचार १७ जानेवारीपर्यंत. त्या दिवशी सण असतो दुसऱ्या अँथनीचा, म्हणजे वाळवंटात राहणाऱ्या त्या म्हाताऱ्या संताचा, जो जनावरांचा रक्षणकर्ता मानला जातो आणि चित्रांत ज्याच्या पायाशी डुक्कर असतं. त्याला इथे सान आन्तोन म्हणतात. त्याच्या सणाला डुकराची सोडत होते. पूर्वी ते गावातल्या एखाद्या गरीब घरी जायचं. आता तिकिटं विकतात आणि पैसा सत्कार्याला देतात. एका अँथनीने सोडायचं, दुसऱ्याने उचलायचं, आणि सात महिने त्या बिचाऱ्याने समजायचं की आपल्यावर संतांची कृपा आहे.

देवाला सोडलेला वळू पाहिलेल्या मराठी माणसाला हे सगळं ओळखीचं वाटणार. तोच रुबाब, दुकानापुढे उभं राहून तीच वसुली, हाकलल्यावर दोन पावलं जाऊन परत येण्याची तीच सवय. पण वळूला निवृत्तीचं वय नसतं. आणि वळूच्या पाठीवरून हात फिरवताना कुणी मनातल्या मनात मांडीचं वजन करत नाही.

ही प्रथा कशी पडली याची एक गोष्ट गावात सांगतात. ज्यू आणि मुसलमान घराण्यांतून ख्रिस्ती झालेल्यांवर शेजाऱ्यांचा संशय असायचा, तेव्हा आपली श्रद्धा अस्सल आहे हे दाखवायला डुक्कर असं चव्हाट्यावर आलं. गोष्ट खरी असो वा नसो, आजीला ती पटते. शेजाऱ्यांना दाखवणं हे तिच्या मते बहुतेक धर्मकृत्यांमागचं खरं कारण आहे.

जूनमध्ये ते एक गोंडस, घाबरट पोर असतं. पर्यटकांच्या मुली त्याला मिठ्या मारतात. सप्टेंबरात त्याला बोळ आपला वाटू लागतो आणि पर्यटक भिंतीला टेकून वाट देतात. नाताळपर्यंत ते शंभर किलोच्या बरंच वर जातं आणि मग चौकातल्या बदामचिक्कीवाल्या बायका त्याची घंटा ऐकून टोपल्या उचलतात. चर्चच्या बाजूला या डुकराचा ग्रॅनाइटचा पुतळा आहे. लोक त्याच्यासोबत फोटो काढतात. आजीच्या नवऱ्याचा पुतळा गावात कुठेही नाही, आणि याबद्दल तिची काहीही तक्रार नाही.

तिचं डुकराचं पथ्य ठरलेलं आहे. सकाळी शिळा पाव पाण्यात भिजवून. दुपारी बटाट्याची सालं, टरबुजाच्या फोडी. ऑक्टोबर लागला की चेस्टनट, तेही किडके निवडून काढून. बोळाच्या दुसऱ्या टोकाला मात्र दुसरी खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीतली बाई डुकराला दुकानातली बिस्किटं चारते. आजीच्या लेखी हे लाच देण्याच्या जवळपास जातं. डुकराला नीतिमत्तेचं सोयरसुतक नाही. ते आजीकडे चेस्टनट खातं आणि तसंच पुढे बिस्किटांकडे जातं. ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणते, "जा, जा. जानेवारीत कळेल कोण आपलं होतं ते."

सगळ्यात नाजूक प्रश्न रात्रीचा. डुक्कर पहाटे कुणाच्या दारातून बाहेर पडलं, ही बातमी पावाच्या दुकानात पहिल्या पावाबरोबर पोहोचते. सलग तीन रात्री ते दुसऱ्या टोकाला मुक्कामी होतं, तेव्हा आजी चौथ्या दिवशी माझ्याशी हळू आवाजात बोलली. सासुरवाडीच्या दारावरून न डोकावता पुढे गेलेल्या जावयाबद्दल बोलतात तो आवाज. त्या संध्याकाळी तिने तळमजल्यात नवं गवत पसरलं, दार अर्धवट उघडं ठेवलं आणि आपण वाट बघत नाही आहोत हे दाखवायला पाठ करून बसली. डुक्कर आलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त दार लावून घेतलं, आणि कडी घालताना तो आवाज दुसऱ्या टोकापर्यंत जाईल याची काळजी घेतली.

तिने त्याला नाव कधी दिलं नाही. कुठल्याच डुकराला देत नाही. "नाव दिलं की घास उतरत नाही," ती सांगते. पण लाड करायला नाव लागत नाही. ती त्याच्या कानामागे खाजवते, त्याला राजा म्हणते, सोन्या म्हणते, "खा रे, अंगाला लागू दे" म्हणते, आणि मग त्याच सुरात, हात तसाच कानामागे ठेवून, माझ्याकडे वळून म्हणते, "मागचा पाय बघ कसा भरलाय. मिठात नीट घालून डोंगरवाऱ्यात टांगला ना, दोन वर्षांनी चाकू लोण्यात जावा तसा जाईल." याच प्रांतातल्या गिहुएलो गावचं हॅम जगभर जातं, तिथल्या कारखानदारांना हॅममधलं काहीही कळत नाही, हेही ती डुकरालाच सांगते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तिच्या मायेवर संशय आला. नंतर पाहिलं तर तिला दोन्ही गोष्टी तितक्याच मनापासून वाटत होत्या. शहरात आपण हे काम दोन वेगळ्या माणसांवर सोपवतो: एकजण माया करतो, दुसरा पाकिटावर लेबल लावतो.

ला आल्बेर्कात आणखी एक घंटा आहे. रोज अंधार पडायच्या सुमाराला एक बाई घंटा घेऊन बोळाबोळांतून फिरते. ठरलेल्या कोपऱ्यांवर थांबून घंटा वाजवते आणि स्वर्गाच्या वाटेवर अडकून पडलेल्या आत्म्यांसाठी प्रार्थना म्हणते. शेकडो वर्षांची रीत. आता विचार करा: दिवेलागणीची वेळ, अरुंद दगडी बोळ, वळणापलीकडून घंटेचा आवाज. पर्यटक टोप्या काढून, चेहरे गंभीर करून उभे. वळणावरून येतं डुक्कर. याच्या उलटही होतं. एकदा एका पोराने कोबीचं पान हातात धरून "ये, ये" अशी हाक मारली आणि समोरून काळी शाल पांघरलेली धर्मशील बाई आली. आजीने यावर सोपा तोडगा काढला आहे. घंटा कुठलीही असो, ती आधी छातीवर क्रूस काढते आणि मग शिळ्या पावाला हात घालते. जे कुणी येईल त्याला त्यातलं एक लागू पडतं.

गावात एक माद्रिदवालाही आहे. हाही एक जातिवंत नमुना, प्रत्येक गावात आढळणारा. त्याने आजीच्या समोरचं घर विकत घेतलं, लाकडं पॉलिश केली, आणि तळमजल्यात जिथे तीन पिढ्यांची गाढवं उभी राहिली तिथे योगासनांची खोली केली. त्याला शांतता हवी होती. पहिल्याच आठवड्यात शांतता म्हणजे काय ते त्याला ऐकू आलं: चारला कोंबडा, सहाला ट्रॅक्टर, दर तासाला चर्चची घंटा, आणि पहाटे केव्हातरी त्याच्या पॉलिश केलेल्या दाराला पाठ घासणारं सान आन्तोनचं डुक्कर. त्याने तक्रार लिहिली. आजीने ती ऐकली. म्हणजे त्याने ती समोरच्या बाल्कनीत उभं राहून फोनवर कुणाला तरी वाचून दाखवली, आणि बाल्कनी कशी बांधलेली असते ते वर सांगितलंच आहे.

अशा तक्रारींना उत्तर २०२१ साली उत्तरेकडच्या आस्तुरियासमध्ये रिबादेसेया इथल्या नगरपालिकेने देऊन ठेवलं आहे. त्यांनी फलकच लावले: इथे घंटा वाजतात, कोंबडे लवकर आरवतात, गुरांच्या गळ्यात घुंगरं असतात, शेतकरी तुमच्या जेवणासाठी राबत असतात, हे सोसत नसेल तर बहुधा तुम्ही चुकीच्या जागी आला आहात. आजीने फलक लावला नाही. तिने त्याला बिऱ्हाडकरूसारखं शिस्तीत घेतलं. तो बाहेर पडला की ती विचारायची, "झोप झाली का?" तो म्हणायचा, "नाही." ती म्हणायची, "मलाही नाही. तुझा फोन." सलग काही दिवस हे चाललं. मग एका सकाळी तो दार उघडून बाहेर आला आणि तिने विचारायच्या आधी स्वतःच म्हणाला, "जेवलोय, दवाखान्यात चाललोय, आणि काल उशीर झाला कारण गाडी बंद पडली." आजीने मान हलवली. त्याचा अर्ज मंजूर झाला होता.

हल्ली तोही संध्याकाळी खुर्ची आणतो. प्लास्टिकची, पांढरी, घडीची. आजीला ती बघवत नाही, म्हणून तिने त्याला खांबामागे जागा दिली आहे.

ऑगस्टात मात्र जागेवरून खरोखरच मारामारी. साठच्या दशकात अशा गावांतली तरुण मंडळी माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ, काही थेट जर्मनी अशी निघून गेली. सेर्खिओ देल मोलिनोच्या २०१६ सालच्या पुस्तकापासून शहरी माणसांना या भागाला 'रिकामा स्पेन' म्हणायची सवय लागली. त्यांनी पंधरा ऑगस्टच्या जत्रेला इथे गाडी लावायला जागा शोधून दाखवावी. मुलं, नातवंडं, नातवंडांचे कुत्रे, कुत्र्यांच्या वेगळ्या पिशव्या. आजीचा नातू सांगतो की त्याच्या कुत्र्याला गहू सोसत नाही. आजी त्या कुत्र्याकडे बराच वेळ बघते. मग दारामागे जाऊन त्याला चोरिसोचं टोक देते. कुत्रा तिच्या पायाशी लोळण घेतो आणि महिनाभर तिथून उठत नाही. नातू म्हणतो, गावची हवा मानवली.

सप्टेंबरात ते सगळे गेले की ती दोन दिवस कुणाशी बोलत नाही. तिसऱ्या दिवशी डुकराला ओरडते, म्हणजे समजायचं सगळं ठीक आहे.

थंडी पडली की खुर्ची आत जाते, पण कारभार थांबत नाही. तो खिडकीतून चालतो. पडदा दोन बोटं सरकतो, पुन्हा जागेवर येतो. जानेवारीत सोडतीची तिकिटं सगळीकडे दिसू लागतात. आजीने दोन घेतली: एक स्वतःचं आणि एक नवऱ्याच्या नावाने, कारण तो वर आहे आणि तिथे ओळखी असतील. मी एक घेतलं. माद्रिदवाल्याने दहा घेतली आणि मोठ्या उत्साहात येऊन सांगितलं, की डुक्कर लागलंच तर तो ते कापू देणार नाही. म्हातारं होईपर्यंत सांभाळणार. सात महिने रोज दाराशी यायचं, आता ते त्याचा मित्र आहे.

आजी त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता हॅमवर एक प्रवचन होणार. ते झालं नाही. तिने खांद्यावर शाल घेतली, सपाता बदलून जोडे घातले, काठी घेतली आणि एवढ्या सगळ्या काळात मी पहिल्यांदाच तिला बोळ ओलांडून समोरच्या घरात शिरताना पाहिलं. तळमजल्यावर गेली. लाकडी फरशी काठीने ठोकून पाहिली. कोपऱ्यातला हीटर पाहिला, भिंतीवरचा मोठा आरसा पाहिला, योगासनांची जाडजूड चटई बोटांनी चिमटीत धरून पाहिली. माद्रिदवाला मागे मागे.

"गादी आहे, ऊब आहे," ती शेवटी म्हणाली. "आरसा काढ. स्वतःला बघून बावरतं ते. आणि तू कुठे झोपणार, ते ठरव."